चित्रामागची गोष्ट

कॅथलिक घराच्या बैठकीत पाऊल ठेवले की दृष्टी प्रथम भिंतीवरील पवित्र चित्राकडे जाते. येशूचे पवित्र हृदय, निरंतर साहाय्य माता, पदुआचे संत अंतोनी, असे कोणते तरी चित्र तेथे असतेच. कधी त्याची काच तडकलेली असते, कधी चौकट वाळवीने कोरलेली असते, मेणबत्तीच्या धुराने रंग काळवंडलेले असतात. तरीही ते उतरवावे असे घरात कोणाला वाटत नाही. पाहुण्याने सहज विचारले, तर घरातील वडीलधारे माणूस त्याची हकीकत सांगू लागते. हे कोणी दिले, केव्हा आले, कोणाच्या दुखण्यात त्याच्यापुढे रात्र जागवली, वाटणीत ते कोणाकडे गेले. बाजारात त्या चित्राचे मोल शे-दोनशे रुपयांहून अधिक होणार नाही. घरच्यांच्या लेखी त्याचे मोल त्या हकीकतीत असते.

ही हकीकत कोणाच्या मालकीची? चित्र ज्याच्या घरी आहे, त्याला ती आपल्या सोयीने सांगण्याचा अधिकार आहे काय? एखादा तपशील गाळला, एखादा वाढवला, तर त्यात कोणाचे काय बिघडते? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आपण आपल्या पूर्वजांविषयी आणि आपल्या श्रद्धेच्या उगमाविषयी मुलांना काय सांगतो, हाच प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याचा थोडा सावकाशीने विचार करावा, असे योजिले आहे.

लहान अक्षर वाचता येत नसेल, तर तेच अक्षर मोठे करून पाहावे लागते. भिंतीवरील साध्या चित्राचा प्रश्न जेथे फार मोठ्या आकारात दिसतो, अशा एका चित्रकाराकडे आम्ही आधी वळतो. तो इटलीचा. मुखेडसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी बसून इटलीतील चित्रकाराची गोष्ट काढणे कोणास लांबचे वाटेल. पण आपल्या घरांतील कित्येक पवित्र चित्रांची मूळ प्रत इटलीतच आहे. पवित्र हृदयाचे जे रूप आपण ओळखतो, ते पॉम्पेओ बातोनी याने १७६७ साली रोममध्ये रंगविलेल्या चित्रावरून जगभर गेले. तेव्हा इटलीची आणि आपल्या भिंतींची ओळख जुनीच आहे.

अमेदेओ मोदिल्यानी हा १२ जुलै १८८४ रोजी लिव्होर्नो या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात जन्मला. त्याच्या जन्माचीही एक गोष्ट त्या घराण्यात सांगितली जाई. वडिलांचा व्यवसाय बुडाला होता आणि धनकोंची माणसे जप्तीसाठी दारात आली होती. बाळंतिणीची खाट जप्त करू नये, असा जुना कायदा होता. तेव्हा घरच्यांनी प्रसूतिवेदना सोसणाऱ्या आईच्या खाटेवर घरातील मौल्यवान वस्तू रचून ठेवल्या आणि तेवढ्या वाचविल्या. दारिद्र्य, लाज, चातुर्य आणि नवा जीव, हे सारे त्या एका गोष्टीत एकवटले आहे. हे घराणे आपली नामुष्की लपवीत नव्हते, एवढे मात्र त्यातून दिसते.

मोदिल्यानी १९०६ साली पॅरिसला गेला आणि २४ जानेवारी १९२० रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी क्षयाने खंगून तेथील एका धर्मादाय रुग्णालयात मरण पावला. त्याची सहचारिणी झान एब्युतर्न त्या वेळी गरोदर होती. त्याच्या मृत्यूनंतर दोन दिवसांच्या आत तिने आत्मघात केला. मागे उरली जेमतेम चौदा महिन्यांची मुलगी. तिला लिव्होर्नोला वडिलांच्या घराने वाढविले. हयातीत ज्याच्या चित्रांना मोठी किंमत आली नाही, त्याचे एक चित्र २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १७ कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. या दोन टोकांच्या मधल्या काळात त्याच्या प्रत्येक चित्राभोवती गोष्टी जमत गेल्या.

त्यांतील एक गोष्ट रोझाली नावाच्या इटालियन बाईची आहे. पॅरिसच्या मोंपार्नास भागात तिची खानावळ होती. मोदिल्यानी जेवणाच्या पैशांऐवजी तिला रेखाचित्रे देई, ती ती तळघरात टाकून देई आणि पुढे ती उंदरांनी कुरतडली, असे सांगतात. ही कथा खरी किती आणि रचलेली किती, हे आज ठरविणे अवघड आहे. पण ती का टिकली, हे समजण्यासारखे आहे. आपल्या पणजीच्या तळघरातही अशी चित्रे पडली असती तर, असे ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटते. गोष्टीत भूक आहे, मैत्री आहे, आणि शेवटी हातातून निसटलेल्या धनाची हळहळही आहे. एवढे असल्यावर तिला पुरावा कोण विचारतो?

पुरावा न विचारण्याचे फळ लिव्होर्नो शहराने १९८४ साली चाखले. तरुणपणी मोदिल्यानीने आपली काही शिल्पे निराशेने तेथील कालव्यात फेकून दिली, अशी दंतकथा त्या शहरात होती. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी कालव्याचा तळ उपसण्यात आला आणि खरोखरच दगडी मस्तके हाती लागली. एकामागून एक, तीन. जाणकारांनी ती अस्सल ठरविली. शहराला आनंद झाला. आणि काही आठवड्यांतच तीन विद्यार्थ्यांनी पुढे येऊन सांगितले की त्यांतले एक मस्तक आम्ही विजेच्या ड्रिलने गंमत म्हणून कोरले होते. त्यांनी दूरदर्शनवर सर्वांसमक्ष तसे मस्तक पुन्हा कोरून दाखविले. उरलेली दोनही दुसऱ्या एका कलावंताने केलेली निघाली. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. गोष्ट आधीपासून होती, दगड नंतर आले. गोष्टीवर जीव जडलेला होता, म्हणून दगड अस्सल वाटले.

पुढे २०१७ साली जेनोआ येथे भरलेल्या मोदिल्यानीच्या प्रदर्शनाविषयी संशय उत्पन्न झाला आणि ते मुदतीआधीच बंद करावे लागले. जप्त केलेल्या २१ चित्रांपैकी २० बनावट आहेत, असा निष्कर्ष तपासासाठी नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१८ साली दिला. हजारो माणसे तोवर त्या चित्रांपुढे उभी राहून गेली होती. त्यांतील काहींचे डोळे पाणावलेही असतील. मग त्यांच्या भावना खोट्या होत्या काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. भावना त्यांची होती आणि ती खरीच होती. परंतु ती ज्याला वाहिली, तो तेथे नव्हता. ज्याने उपाशीपोटी काम केले, त्याचे ऋण मानताना प्रेक्षकांनी ते दुसऱ्याच कोणाच्या पदरात घातले. खोट्या गोष्टीमुळे जो ठकतो, त्याची हानी होतेच. त्याहून अधिक हानी होते ती ज्याचे नाव वापरले गेले त्याची. आणि तो तर तक्रार करण्यास येऊ शकत नाही.

याहून गंभीर प्रकार म्हणजे गोष्टीतला एक माणूसच पुसून टाकणे. काठीवर हात टेकून बसलेल्या एका गृहस्थाचे मोदिल्यानीने १९१८ साली काढलेले चित्र आहे. ते पॅरिसमधील एका ज्यू कलाव्यापाऱ्याचे होते. नात्झींच्या भयाने त्याला १९३९ साली शहर सोडावे लागले आणि त्याच्या मागे ते परस्पर विकले गेले, असा दावा त्याच्या नातवाने अनेक वर्षांनी न्यायालयात मांडला. मध्यंतरी ते चित्र १९९६ साली लंडनच्या लिलावात एका परदेशी कंपनीने घेतले होते. त्या कंपनीमागे कोणते कलाव्यापारी कुटुंब आहे, हे २०१६ साली पनामा पेपर्स या नावाने गाजलेल्या कागदपत्रांतून उघड झाले आणि जिनेव्हाच्या गोदामातील ते चित्र स्विस अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले. न्यायालयीन वादाचा तपशील हा आमचा विषय नाही. आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो ते एका साध्या गोष्टीकडे. चित्राच्या मालकांची यादी म्हणजे बाजाराच्या भाषेत त्याची वंशावळ. या वंशावळीत एक जागा कोरी राहिली, तर चित्राचे रंग फिके पडत नाहीत, रेषा बिघडत नाहीत. पण त्या कोऱ्या जागेत एक मनुष्य, त्याचे घर आणि त्याचे अश्रू गाडले गेलेले असू शकतात. १९९८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ४४ देशांनी नात्झींनी लुटलेल्या कलाकृतींविषयी काही तत्त्वे मान्य केली. चित्राच्या पूर्वमालकांचा शोध घ्यावा आणि त्यांच्या वारसांशी न्याय्य तोडगा काढावा, हा त्या तत्त्वांचा गाभा होता. म्हणजे चित्रामागची गोष्ट शोधणे हे न्यायाचे काम आहे, असे जगाने उशिरा का होईना मान्य केले.

या साऱ्या गदारोळात आम्हांस सर्वांत आदरणीय वाटते ती चित्रकाराची मुलगी, झान मोदिल्यानी. वडिलांची आठवण असणे तिला शक्यच नव्हते. तिच्या वाट्याला आल्या होत्या त्या दंतकथा: मद्यपी, उन्मत्त, शापित कलावंताच्या. त्या दंतकथांनी चित्रांच्या किमती वाढत होत्या. वारसदार म्हणून तिने गप्प राहणे सोयीचे होते. पण १९५८ साली तिने वडिलांवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या इटालियन शीर्षकातच स्पष्ट केले की हा दंतकथेवाचूनचा मोदिल्यानी आहे. तिने कागदपत्रे पाहिली, जुन्या माणसांना विचारले, ऐकीव आणि खरे यांची फोड केली. पोरक्या मुलीने पित्यासाठी केलेले हे श्राद्धच म्हणावे लागेल. वारसा म्हणून मिळालेल्या सुंदर खोट्यापेक्षा तिला साधा, दुःखी, खरा बाप हवा होता.

आता आपल्या घराजवळ येऊ. आंजेलो दा फॉन्सेका यांचे नाव आपल्या वाचकांपैकी काहींनी ऐकले असेल. १९०२ साली गोव्यातील सांतो इश्तेव्हांव बेटावर जन्मलेल्या या कॅथलिक चित्रकाराने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. पण तेथे मन न रमल्याने तो शांतिनिकेतनला गेला आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सहवासात वाढला. परत आल्यावर त्याने मरियामातेला लुगडे नेसविले, तिचा वर्ण आपल्या आयाबहिणींसारखा सावळा रंगविला, तिच्या भोवतीचे घर आपल्याकडचे काढले. १९३० नंतरच्या त्या काळी गोव्यातील अनेक भाविकांना आणि अधिकारी मंडळींना हे रुचले नाही. त्याला गोवा सोडावा लागला. त्याला आसरा मिळाला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, आणि तो आश्रम अँग्लिकन बंधूंचा होता. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील स्पॅनिश येशूसंघी इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्याला उत्तेजन दिले आणि त्याची चित्रे संग्रही ठेवली. रोममध्ये कार्डिनल चेल्सो कोस्तांतिनी यांच्यासारखे इटालियन धर्माधिकारी मिशनच्या देशांत देशी कलेचा पुरस्कार करीत होतेच. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगून टाकले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. फॉन्सेका यांचा मृत्यू १९६७ साली झाला.

त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी चित्रे जवळ बाळगली. एक दोन वर्षे नव्हे, जवळजवळ चार दशके. फॉन्सेका यांच्या उत्तरकाळातील मरियामातेच्या अनेक चित्रांना आयव्हींचाच चेहरा आहे, असे सांगितले जाते. तसे असेल तर त्या बाईच्या घरात तिचे तारुण्य भिंतीला टेकून उभे होते. अखेर त्यांनी तो संग्रह गोव्यातील पर्वरी येथील झेविअर इतिहास संशोधन केंद्राच्या, म्हणजे येशूसंघीय फादरांच्या, स्वाधीन केला. ज्या भूमीने चित्रकाराला दूर केले, त्याच भूमीला त्याची चित्रे परत मिळाली. गोव्याचेच दुसरे चित्रकार आंतोनियो झेविअर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांचा संग्रहही असाच मुलींनी सांभाळला. एस्तेर या कन्येच्या नावाच्या विश्वस्तनिधीमार्फत तो पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आला. दोन्ही घराण्यांना चित्रे एकेक करून विकता आली असती. तसे झाले असते तर चित्रे टिकली असती, गोष्ट मात्र विखुरली असती.

फॉन्सेकांची गोष्ट सांगताना आपल्याला एक मोह पडतो. आज त्यांचा गौरव होतो. म्हणून आपण सांगतो की ख्रिस्तसभेने भारतीय कलेला नेहमीच आश्रय दिला. हे अर्धे खरे आहे. फादर हेरास खरे आहेत, तशीच लुगड्यातली मरियामाता पाहून संतापलेली आपलीच माणसेही खरी आहेत. एका कॅथलिक चित्रकाराला आपल्याच पवित्र चित्रांसाठी दुसऱ्या पंथाच्या आश्रमात राहावे लागले, हेही खरे आहे. हा भाग गाळला, तर आपण अँग्लिकन बंधूंचे ऋण बुडवतो आणि चित्रकाराचे दुःखही बुडवतो. शिवाय आज एखादा तरुण काही वेगळे घडवू पाहत असेल, तर त्याच्याशी कसे वागावे, हा धडाही आपल्या हातून जातो.

या बाबतीत आपल्या परंपरेनेच आपल्याला एक नमुना घालून दिला आहे. निरंतर साहाय्य मातेचे चित्र ठाऊक नाही असे कॅथलिक घर विरळा. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी जी नोव्हेना चालते, ती याच मातेची. मूळ चित्र रोममध्ये आहे. त्याविषयीची जुनी परंपरा सांगते की क्रीट बेटावरील एका चर्चमधून ते एका व्यापाऱ्याने चोरून आणले. रोममध्ये तो आजारी पडला. मरताना त्याने मित्राला विनविले की हे चित्र एखाद्या चर्चला दे. मित्राने कबूल केले, पण त्याच्या पत्नीला ते आवडले आणि तिने ते घरातच ठेवून घेतले. मित्र वारला तरी चित्र घरातच राहिले. अखेर मरियामातेने त्या घरातील लहान मुलीला दर्शन देऊन आपली जागा सांगितली, तेव्हा कोठे १४९९ साली ते संत मत्तयाच्या चर्चमध्ये पोहोचले. १८६६ साली पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट फादरांच्या हाती सोपविले. या परंपरेतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरेल असा आमचा दावा नाही. पण भक्तांनी ती कशी जपली, ते पाहावे. एवढ्या प्रिय चित्राची कथा सांगताना त्यांनी चोरी झाकली नाही. दिलेला शब्द मोडणारा मित्र झाकला नाही, लोभ पडलेली गृहिणीही झाकली नाही. आणि त्यामुळे मातेचा मान तिळभरही उणा झाला नाही. पवित्र चित्राला दिलेला मान चित्रात ज्याचे रूप आहे त्याला पोहोचतो, असे निकेआच्या दुसऱ्या परिषदेने ७८७ साली शिकविले. तो मान चित्राच्या मालकाला पोहोचत नाही. म्हणून मालकाची अब्रू सावरण्यासाठी गोष्ट बदलण्याची गरजच उरत नाही.

आमच्या नांदेड-लातूर भागात कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली. श्रीमंती तर कोठेच नव्हती. त्यामुळे आमच्या चित्रांच्या गोष्टी चोरीच्या नाहीत, गरिबीच्या आहेत. तरीही त्या झाकल्या जातात. आमच्या परिचयाच्या एका घरात वडिलांच्या पश्चात वाटणी झाली. भांडीकुंडी, जमिनीचा तुकडा, सारे सामोपचाराने वाटले गेले आणि भिंतीवरच्या मातेच्या चित्रापाशी गाडे अडले. थोरला म्हणाला, हे बाबांनी माहीमच्या नोव्हेनाहून आणले होते, ते मोठ्या घरीच राहावे. तो पाहुण्यांनाही वर्षानुवर्षे हेच सांगत आला होता. कोपऱ्यात बसलेली म्हातारी आत्या एकदम बोलली, "तुझ्या बापानं मुंबई कव्हा पाह्यली रे?" मग तिने सांगितले. १९७२ चा दुष्काळ. रस्त्याच्या कामावर तिची वहिनी, म्हणजे या भावांची आई, खडी फोडीत होती. पोटात धाकटा होता. सुकडी वाटायला आलेल्या एका सिस्टरने तिला भोवळ आलेली पाहिले, सावलीत बसविले, पाणी पाजले आणि जाताना आपल्या प्रार्थनापुस्तकातले हे चित्र दिले. चौकट कित्येक वर्षांनी आली. थोरला गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आत्या, आता ते लोकांना कशाला सांगायचं?" आत्या म्हणाली, "का रे? आम्ही काय चोरी केली होती?"

थोरल्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. मूठभर धान्यासाठी धर्म घेतला, हा टोमणा आमच्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. सुकडीची आणि सिस्टरची गोष्ट सांगावी, तर टोमणा मारणाऱ्याच्या हाती आपणच दगड दिल्यासारखे होते, अशी त्याची भीती होती. मुंबईहून आणलेले चित्र ही त्याने घराच्या अब्रूसाठी उभी केलेली कुडाची भिंत होती. पण त्या भिंतीआड कोण झाकले गेले? उन्हात खडी फोडणारी त्याची आई. तिला सावलीत बसविणारी, नाव माहीत नसलेली सिस्टर. ज्या क्षणी या घराला परक्या माणसाच्या हातून देवाची माया कळली, तो क्षण. आणि शेवटी, त्या घराची श्रद्धा. कारण ती श्रद्धा नोव्हेनाच्या गर्दीतून आली नव्हती, ती त्या पाण्याच्या तांब्यातून आली होती. टोमण्याला उत्तर म्हणून जी गोष्ट छातीठोकपणे सांगायची, तीच लाजेखातर पुरली गेली.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक घराचे प्रत्येक सत्य चव्हाट्यावर मांडावे, असे का तुमचे म्हणणे? तसे आमचे म्हणणे नाही. ख्रिस्तसभेची नीतिशिकवण खोटी बदनामी आणि विनाकारण केलेली परनिंदा या दोहोंनाही पाप मानते. एखाद्याचा खरा दोषसुद्धा योग्य कारणावाचून उघड करू नये. कोणा पूर्वजाचे व्यसन, कोणा घरातील फाटाफूट, यांचा डांगोरा पिटणे ही सत्यनिष्ठा नव्हे. परंतु या मर्यादेच्या आड लपण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. जे झाकतो आहोत तो दोष आहे की केवळ गरिबी आहे? गरिबी हा दोष नाही. प्रभूचा जन्म गोठ्यात झाला, हे शुभवर्तमानाने झाकले नाही. दुसरे, झाकण्याने कोणाचे ऋण बुडते काय? ज्याने दिले, ज्याने घडविले, त्याचे नाव आपण पुसतो आहोत काय? तिसरे, झाकण्याने कोणाचा हक्क मारला जातो काय? वस्तू अन्यायाने आलेली असेल, तर गोष्ट सांगूनही भागत नाही, वस्तू परत करावी लागते. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले, पण त्याचा पश्चात्ताप खरा ठरला तो चौपट परत करण्याच्या वचनाने.

घडविणाऱ्याच्या ऋणाचा उल्लेख केला, तो मुखेडच्या माणसाला विशेष समजावा. आमच्या गावच्या दशरथेश्वराच्या चालुक्यकालीन देवळातील मूर्ती आजही पाहणाऱ्याला थांबवितात. अशा देवळांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे मिळतात. छिन्नी धरणाऱ्याचे नाव क्वचितच मिळते. देणारा आपली गोष्ट दगडावर कोरून ठेवू शकतो, घडविणारा आणि वाहून आणणारा तसे करू शकत नाही. त्याची गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागते, आणि दुसऱ्याने सांगितली नाही तर ती संपते. किती सहज संपते, हे आमच्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. किल्लारी परिसरात घरे कोसळली, हजारो माणसे गेली. ढिगाऱ्यातून कोठे एखादे चित्र, एखादा देव वर निघाला, पण त्याची हकीकत सांगणारे ओठ कायमचे मिटले होते.

मग चित्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर काय? कायद्याने ते मालकाचे असेल. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र खाजगी मालकी मान्य करूनही पुढे सांगते की सृष्टीतील धन सर्व मानवांसाठी आहे आणि मालक हा देवाच्या व्यवस्थेतील कारभारी आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ११९० वे कलम पवित्र अवशेष विकण्यास मनाई करते, आणि लोकांच्या विशेष भक्तीचा विषय झालेले अवशेष व प्रतिमा पोपमहोदयांच्या परवानगीवाचून कायमच्या दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाहीत, असा दंडक घालते. म्हणजे लोकांच्या प्रार्थनेचाही चित्रावर काही हक्क निर्माण होतो, हे तेथे मान्य केले आहे. आपल्या घरातील कागदाच्या चित्राला हे कलम लागू नसेल. त्यामागचा विचार मात्र लागू आहे. ज्या चित्रापुढे तीन पिढ्या गुडघे टेकून रडल्या, ते एकट्याचे कसे राहील? चित्र आपल्याला वारसा म्हणून मिळते. त्यामागची गोष्ट आपल्याला कर्ज म्हणून मिळते, आणि ते कर्ज फेडायचे असते पुढच्या पिढीकडे, एकही नाणे न काढून घेता.

हे फेडणे फार अवघड नाही. चित्र भिंतीवरून उतरवावे, धूळ पुसावी आणि मागच्या पुठ्ठ्यावर साध्या शब्दांत लिहून ठेवावे: हे कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या प्रसंगी, आणि हे आपल्याला कोणी सांगितले. जे नक्की ठाऊक आहे ते ठामपणे लिहावे, जे ऐकीव आहे त्यापुढे ऐकीव असे लिहावे. नाव ठाऊक नसेल तर 'एक सिस्टर' असे लिहावे. तेवढ्यानेही ती हरवत नाही. धर्मग्रामांतील शिक्षक-शिक्षिकांनी दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मुलांना आजीआजोबांकडे या कामासाठी पाठवावे. म्हाताऱ्या माणसांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यांना विचारणारे मात्र थोडे असतात.

वर सांगितलेल्या घरातील चित्र अखेर थोरल्याकडेच राहिले. धाकट्याने हट्ट सोडला. आपण आईच्या पोटात असताना ते आले, एवढे कळले, त्याला पुरेसे झाले. धाकट्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने आत्याला पुन्हा सारे विचारून ते वहीत उतरवून घेतले आहे. थोरला पाहुण्यांना आता कोणती गोष्ट सांगतो, हे आम्ही विचारलेले नाही.